बालवाडीची मशागत

मृगाचा पाऊस वऱ्हाडात वेळेवर येवो अथवा न येवो, जूनच्या उत्तरार्धात येथील बहुतेक घरांना दोन खर्च एकदमच गाठतात. एक बी-बियाण्याचा व खताचा, आणि दुसरा मुलांच्या शाळेचा. उन्हाळ्याची तीव्रता लक्षात घेऊन विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात; आणि हा उशिराचा मुहूर्त नेमका पेरणीच्या धांदलीत येतो. मागल्या हंगामाचा कापूस केव्हाच विकला गेलेला असतो, त्याचे पैसे देणी फेडण्यात संपलेले असतात, आणि नव्या पऱ्हाटीचे बोंड फुटायला दसरा-दिवाळी उजाडायची असते. अशा वेळी तीन-चार वर्षांच्या लेकराला ‘माँटेसरी’त घालण्यासाठी बाप जेव्हा खिशात हात घालतो, तेव्हा त्या पैशाच्या मोबदल्यात त्या लेकराला नेमके काय मिळते, हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा राहत नाही. तो अर्थशास्त्राचाही होतो.

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते एका शोकाच्या आठवणीमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर असताना, याच गावाजवळ, पेढीच्या पुलावर गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. दिवसा खराट्याने गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडावीत, हा त्यांचा नेम होता. संसारातील इतर गरजांना कात्री लावा, पण पोरांना शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे वऱ्हाडातील निरक्षर माणसालाही पाठ होते. खराटा आणि शाळा या दोन गोष्टी बाबांच्या मनात वेगळ्या नव्हत्या. नव्या वर्षासाठी बालवाडीची खोली तयार करण्याचा विचार वलगावासारख्या गावात करावयाचा, तर त्याचा आरंभ या दोहोंच्या नात्यापासून करणे उचित ठरेल.

खरेदी म्हणजे तयारी नव्हे

शाळा उघडण्यापूर्वीची तयारी म्हणजे खरेदी, असा समज आज सर्वत्र रूढ झाला आहे. भिंतींवर परदेशी चित्रकथांतील पात्रे रंगवून घ्यावयाची, रंगीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणावयाच्या, दारावर फुग्यांची कमान उभारावयाची आणि पाटीवर ‘माँटेसरी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहावयाचा, म्हणजे तयारी पूर्ण झाली असे मानले जाते. पुढे वर्षभर आत काय चालते? चाळीस मुले ओळीने बसलेली, फळ्यावर इंग्रजी मुळाक्षरे, आणि घरी जाताना प्रत्येकाच्या दप्तरात गृहपाठाची वही. ज्या विदुषीचे नाव पाटीवर आहे, तिने ज्या ज्या गोष्टींना आयुष्यभर विरोध केला, नेमक्या त्याच गोष्टी तिच्या नावाखाली चालाव्यात, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

या नावावर कोणाची कायदेशीर मालकी नाही, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेत दोन माँटेसरी संघटनांमध्ये या शब्दाच्या हक्कावरून वाद झाला, तेव्हा १९६७ मध्ये तेथील यंत्रणेने हा शब्द सर्वसामान्य वापरातला असून तो कोणा एकाचे व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. आपल्याकडेही हे नाव कोणीही पाटीवर लावतो. तेव्हा पाटी वाचून खोलीची परीक्षा करता येत नाही. ती खोलीत शिरूनच करावी लागते.

रोम ते कोसबाड

मारिया माँटेसरी (१८७०-१९५२) या पेशाने डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरिबांच्या वस्तीत त्यांनी आपले पहिले ‘बालगृह’ उघडले. त्या आरंभामागचे कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोठे उद्बोधक वाटेल. आईबाप दिवसभर कामावर जात. मागे राहिलेली लहान मुले नव्याने दुरुस्त केलेल्या चाळींचे जिने व भिंती खराब करीत. दुरुस्तीचा खर्च वाचावा म्हणून इमारतींच्या मालक संस्थेने या मुलांना एका खोलीत एकत्र सांभाळण्याचे ठरविले आणि ते काम माँटेसरीबाईंकडे सोपविले. म्हणजे ज्या पद्धतीला आज श्रीमंतांची चैन समजले जाते, ती मुळात मजुरांच्या, एकट्या पडलेल्या मुलांसाठी जन्माला आली. निंदणाच्या दिवसांत आई शेतावर गेली की घरी आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या हवाली होणारे वऱ्हाडातील मूल आणि सान लोरेन्झोतील मूल यांच्या परिस्थितीत फारसे अंतर नाही.

या विचाराला महाराष्ट्राच्या मातीत रुजविण्याचे श्रेय ताराबाई मोडकांचे. मुंबईत १८९२ मध्ये जन्मलेल्या व पदवीधर झालेल्या ताराबाईंचा अमरावतीशी संबंध होता, ही गोष्ट अमरावतीकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांचा विवाह येथील एका वकिलाशी झाला होता. १९२१ मध्ये तो संबंध संपुष्टात आला. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्या माँटेसरी पद्धतीच्या प्रत्यक्ष कामाला लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार सुरू झाले. गिजुभाई जून १९३९ मध्ये निवर्तले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात स्वतः माँटेसरीबाई मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम हिंदुस्थानातच घडला. त्यांचा ‘द ॲब्सॉर्बंट माइंड’ हा ग्रंथ येथील व्याख्यानांतूनच आकाराला आला व १९४९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारहून प्रसिद्ध झाला.

मात्र खरी कसोटी शहरात नव्हती. ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडनला माँटेसरीबाईंची भेट झाली, तेव्हा गांधीजींनी हे शिक्षण केवळ सधनांच्याच नव्हे, तर दरिद्री घरांतील मुलांनाही मिळावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. ती अपेक्षा ताराबाईंनी मनावर घेतली. १९४५ मध्ये दादरचा व्याप सोडून त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर परिचित असलेला शब्द त्या अंगणातला आहे. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागल्या. खेळणी आणि साधने यांच्यासाठी ताराबाई-अनुताईंनी दुकानाकडे न पाहता आसपासच्या झाडाझुडपांकडे, शिंपल्यांकडे, बियांकडे, मातीकडे पाहिले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली. महाराष्ट्रात तिचा आरंभ ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचे धारणी होते. या वारशाकडे पाहता, बालशिक्षण ही आपल्याकडे बाहेरून आलेली नवलाई आहे, असे वऱ्हाडाने तरी म्हणू नये.

खोलीची मांडामांड

आता प्रत्यक्ष खोलीकडे वळावे. दोन महिन्यांच्या सुट्टीनंतर कुलूप उघडले की पहिले काम आणण्याचे नसते, काढण्याचे असते. मोडकी बाके, जुनी कागदपत्रे, निवडणुकीच्या वेळी ठेवलेले सामान, गतवर्षीच्या फाटक्या पताका, हे सारे प्रथम बाहेर पडले पाहिजे. नंतर छप्पर गळते काय, भिंतींना ओल येते काय, कपाटाला वाळवी लागली आहे काय, हे पहिल्या मोठ्या पावसापूर्वी पाहून घ्यावे. लाकडी साधनांना ओल लागली की ती फुगतात आणि त्यांचा सारा गुणच नाहीसा होतो.

त्यानंतर शिक्षिकेने एक साधी गोष्ट करून पाहावी. खोलीच्या मध्यभागी गुडघ्यांवर बसावे आणि त्या उंचीवरून चारी बाजूंना नजर टाकावी. तीन वर्षांच्या मुलाला जे दिसते, ते तिला तेव्हा दिसेल. मोठ्यांच्या डोळ्यांसमोर असलेले तक्ते मुलाच्या दृष्टीने आकाशात असतात. मांडण्या मुलाच्या छातीइतक्याच उंच असाव्यात, म्हणजे हवी ती वस्तू त्याला कोणाला न विचारता घेता येईल व जागच्या जागी ठेवता येईल. पाण्याचा माठ खाली असावा. हात पुसण्याचे पंचे लहान असावेत. दप्तर अडकविण्याच्या खुंट्या हाताला पोहोचतील अशा असाव्यात आणि ज्याला अक्षरे येत नाहीत त्याला आपली खुंटी ओळखता यावी म्हणून तिच्यावर एखादे चित्र असावे. हे चित्र सफरचंदाचेच असले पाहिजे असे नाही. बंडीचे, तुरीच्या शेंगेचे, फुटलेल्या बोंडाचे असेल तर मूल ते पहिल्याच दिवशी ओळखील.

पहिल्या मांडणीवर घरच्या कामांची साधने असावीत. दोन लहान गडू आणि एक ताट : एका गडूतील ज्वारी दुसऱ्यात ओतणे, ते साधले की पाणी ओतणे. एका वाटीत मिसळलेले तूर, मूग व चिंचोके वेगळे करणे. रुमालाच्या घड्या घालणे. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाची बटणे लावणे. आणि मुलाच्या हाताच्या मापाचा छोटा झाडू व छोटे सूप. खोली झाडण्यासाठी बाई ठेवणे सोपे आहे. परंतु चार वर्षांच्या मुलाने आपण सांडलेले दाणे आपणच झाडून घेणे हा त्या पद्धतीत अभ्यासक्रमाचा भाग आहे. वलगावाच्या पुलावर ज्याची यात्रा संपली त्या संताला हा अभ्यासक्रम समजावून सांगावा लागला नसता. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पेले काचेचे व कपबश्या खऱ्या असाव्यात, असा माँटेसरीबाईंचा आग्रह होता. न फुटणारी वस्तू मुलाला निष्काळजीपणा शिकविते. फुटणारी वस्तू हाताला जपून वागावयास लावते. वर्षाला दोन-चार कपबश्या फुटतील हे गृहीत धरूनच अंदाजपत्रक करावे.

दुसऱ्या मांडणीवर इंद्रियांच्या शिक्षणाची साधने. येथे मात्र काटकसरीच्या नावाखाली सैलपणा चालत नाही. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे असतात; सर्वांत लहान ठोकळ्याची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १० सेंटिमीटर, आणि मधला प्रत्येक ठोकळा खालच्यापेक्षा बरोबर १ सेंटिमीटरने लहान. दट्ट्यापेटीतील प्रत्येक दट्ट्या आपल्याच खोबणीत बसला पाहिजे. कारण या साधनांत चूक दाखविण्याचे काम शिक्षिकेचे नसते. ते साधनच करते. एक दट्ट्या चुकीच्या जागी गेला की शेवटी एक उरतो, आणि मूल न बोलता पुन्हा आरंभापासून पाहू लागते. सुताराच्या हातून दोन मिलिमीटरची चूक झाली, तर हा न बोलणारा शिक्षक खोटे बोलू लागेल. मात्र वखराचे, डवऱ्याचे माप ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्या गावच्या सुताराला हे काम अवघड नाही. अचूक मोजमाप लिहून देणारा मात्र कोणी हवा.

म्हणून वर्षारंभी प्रत्येक संचाची मोजदाद अत्यावश्यक ठरते. अंक शिकविण्याच्या पेटीचे उदाहरण घ्यावे. तिला शून्यापासून नऊपर्यंत दहा कप्पे असतात आणि काड्या बरोबर ४५. एकच्या कप्प्यात एक, दोनच्या कप्प्यात दोन, असे करीत नऊपर्यंत आले की हातात एकही काडी उरत नाही, आणि शून्याचा कप्पा रिकामाच राहतो. शून्य म्हणजे काय, हे मुलाला याहून चांगले कोणी सांगू शकणार नाही. परंतु सुट्टीत एक काडी हरवून ४४ उरल्या असतील, तर नऊच्या कप्प्यात आठच पडतील आणि चूक आपली की पेटीची, हे त्या मुलाला कधीच कळणार नाही. अशी ४४ काड्यांची पेटी मांडणीवर ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी.

मराठी मुलाच्या बाबतीत अंकांची आणखी एक अडचण आहे. आपण ‘एकवीस’ म्हणताना आधी एक म्हणतो आणि लिहिताना आधी दोन लिहितो. संख्यावाचनाच्या या अडचणीवरून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाच्या निमित्ताने महाराष्ट्रात मोठे वादंग माजले होते. बालवाडीत हा वाद मण्यांनी सुटतो. दहा-दहा मण्यांच्या दोन सळ्या आणि एक सुटा मणी मुलाच्या तळहातावर ठेवला, की नाव कोणत्याही क्रमाने उच्चारा, संख्या त्याच्या हातात असते. अक्षरांचेही तसेच. खरखरीत कागदातून कापलेली अक्षरे बोटाने गिरवावयाची, तर ती वर्णमालेच्या क्रमाने देण्यापेक्षा व, ब, क किंवा ट, ठ, ढ अशी वळणाच्या नात्याने दिल्यास हाताला सोयीचे जाते. ही जुळवाजुळव शाळा उघडण्यापूर्वी झाली पाहिजे. मुले रडत असताना ती होत नाही.

एकाला एकच

माँटेसरी वर्गात प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवण्याची प्रथा आहे. तीस मुले आणि मनोरा एक. वरवर पाहता हे गरिबीचे लक्षण वाटेल; वास्तविक ती योजना आहे. दुसऱ्याच्या हातात वस्तू असेल तर तो ती जागेवर ठेवीपर्यंत थांबावयाचे, हिसकावून घ्यावयाची नाही, आणि मी उचलली असेल तर माझे काम पुरे होईपर्यंत ती माझीच, एवढे दोन नियम मुले चार-सहा आठवड्यांत आत्मसात करतात. साधनांची टंचाई आणि त्यांचे न्याय्य वाटप, हाच अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न. मोठ्यांच्या जगात तो बहुधा पैशाच्या अथवा बळाच्या जोरावर सुटतो. रेशनच्या, बियाण्याच्या आणि बँकेच्या रांगेत वऱ्हाडातील माणूस जो अनुभव घेतो, त्याच्याशी या खोलीतील शिस्तीची तुलना करून पाहावी. रांग न मोडण्याची सवय लावावयाची असेल, तर तिचे वय तीन ते सहा हेच आहे.

याच कारणाने पहिल्या दिवशी सर्व मांडण्या भरून ठेवू नयेत आणि सर्व मुलांनाही एकदम बोलावू नये. पहिले दोन-तीन दिवस गतवर्षीची, पाच वर्षांच्या आसपासची मुले येऊ द्यावीत. खोलीची रीत त्यांच्या अंगवळणी पडली की मग रोज तीन-चार नवी मुले घ्यावीत. तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकाच खोलीत असतात ती याचसाठी. रडणाऱ्या नव्या लेकराचा हात धरून त्याला माठापाशी नेण्याचे काम पाच वर्षांची मुलगी शिक्षिकेपेक्षा चांगले करते. एकाच सकाळी चाळीस मुलांच्या रडण्याने भरलेली खोली ही मुलांच्या हट्टीपणाची नव्हे, मोठ्यांच्या नियोजनाच्या अभावाची साक्ष असते.

शिक्षिकेची तयारी

खोलीपेक्षाही कठीण तयारी शिक्षिकेच्या मनाची. या पद्धतीत तिने कमी बोलावयाचे असते, जास्त पाहावयाचे असते. ‘मले पाणी पायजे’ असे मूल म्हणाले, तर त्याला आधी पाणी मिळाले पाहिजे. ‘मले नाही, मला म्हण’ ही दुरुस्ती पहिल्याच दिवशी झाली, तर ते मूल पाणी मागणेच सोडून देईल. वऱ्हाडी बोली हा दोष नव्हे. ती त्या मुलाची आई आहे. प्रमाण मराठी आणि त्यानंतर इंग्रजी या आईच्या हाताला धरूनच घरात येतील.

परंतु अशा शिक्षिकेची अपेक्षा करावयाची, तर समाजाने तिला काय दिले आहे? अंगणवाडी सेविकेला आजही मिळते ते ‘मानधन’, वेतन नव्हे. ती उपदान मिळण्यास पात्र आहे, हे सांगावयास सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये निकाल द्यावा लागला. आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाड्यांना संपामुळे कुलपे लागली. आहार वाटप, वजने, नोंदवह्या आणि मोबाइलवरील माहिती यांतून उरलेल्या वेळात तिने बालशिक्षण करावे, अशी ही रचना आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, हे योग्यच झाले. मात्र ज्या हातांनी तो पाया घालावयाचा, ते हात मोकळे केल्याखेरीज धोरणाचा कागद खोलीपर्यंत पोहोचत नाही.

पालकांचा संशय

या सर्व विवेचनावर पालकांचा एक आक्षेप असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ‘पोरगं शाळेत जाऊन ज्वारी ओतते, दाळ निवडते, हे तर ते घरीही करीलच. मग पैसे कशाचे?’ शहरालगतच्या गावातील माणूस इंग्रजी शाळेच्या गाडीकडे पाहतो, तो वेडा म्हणून नव्हे. शेतीत काय उरते हे त्याने पाहिले आहे. इंग्रजी ही त्याला त्यातून बाहेर पडण्याची शिडी वाटते. परंतु मुलाच्या मनात काय घडते आहे हे त्याला दिसत नाही. भरलेली वही दिसते. म्हणून तो वहीवरून शाळेची किंमत ठरवितो. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की जेथे गिऱ्हाइकाला मालाचा कस पारखता येत नाही, तेथे निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. बालशिक्षणाच्या बाजारात हेच घडत आहे. भरलेल्या वह्या देणारी शाळा टिकते. मुलाला स्वतःच्या हाताने काम करू देणारी शाळा विद्यार्थी गमावते.

यावर उपाय जाहिरातीचा नाही, दार उघडण्याचा आहे. शाळा उघडल्यावर महिन्या-दीड महिन्याने, निंदणाला उसंत असेल असा दिवस पाहून, पालकांना अर्धा तास खोलीच्या कडेला शांत बसवावे. ज्या मुलाला घरी कोणी पाण्याच्या तांब्याला हात लावू देत नाही, ते मूल एक थेंब न सांडता पाणी ओतते, सांडलेच तर पुसते, मनोरा रचते आणि न सांगता जागेवर ठेवते, हे बापाने एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे वहीचा प्रश्न तो पूर्वीसारखा विचारणार नाही.

खर्चाचा हिशेब

लहानपणी केलेला खर्च वाया जात नाही, याला आता भक्कम आधार आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ पासून गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर पेरी प्रकल्प नावाचा प्रयोग झाला. काहींना चांगली बालवाडी मिळाली, काहींना मिळाली नाही, आणि चाळिशीपर्यंत त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेण्यात आला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या खर्चावरील परतावा दरसाल ७ ते १० टक्के इतका काढला. तो वर्ग माँटेसरी पद्धतीचा नव्हता आणि मिशिगन म्हणजे वऱ्हाड नव्हे, हे खरे. परंतु आरंभीची गुंतवणूक हीच सर्वांत फलदायी, एवढा बोध त्यातून निश्चित होतो.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडता येईल. तीस मुलांच्या बालवाडीत प्रत्येक पालक छापील वह्या-पुस्तकांवर वर्षाला एक हजार रुपये खर्च करतो असे समजा. म्हणजे दरसाल ३०,००० रुपये; पाच वर्षांत दीड लाख. या दीड लाखाची वर्षअखेर रद्दी होते. तीच रक्कम सुताराच्या, कुंभाराच्या, शिंप्याच्या हाती टप्प्याटप्प्याने गेली, तर उभी राहणारी लाकडी साधने नीट सांभाळल्यास मुलांच्या अनेक तुकड्यांना पुरतात. एक उपभोग आहे, दुसरे भांडवल. शिवाय दुसऱ्या मार्गाने गेलेला पैसा गावातच फिरतो.

राहता राहिला पेरणीच्या आठवड्याचा प्रश्न. शुल्काचा मोठा भाग जूनमध्येच वसूल करण्याची पद्धत पगारदारांच्या शहराला शोभते. कापूस-सोयाबीनच्या गावाला नाही. प्रवेशाच्या वेळी नाममात्र रक्कम आणि उरलेली माल घरात आल्यावर, दिवाळीनंतर घ्यावी, असे ठरविण्यास कोणत्याही शासन निर्णयाची आवश्यकता नाही. ज्या संस्थेला ते जमेल तिच्या दारात जूनमध्ये कोणी सावकाराकडे जाऊन येणार नाही. अंगणवाडीच्या बाबतीत ग्रामपंचायतीने एवढेच करावे, की छपराची डागडुजी, खालच्या मांडण्या आणि पिण्याच्या पाण्याची सोय ही कामे मे महिन्यातच उरकावीत. शाळेचे वेळापत्रकही निंदणाच्या दिवसांत आईच्या कामाच्या वेळेशी जुळवावे; नाहीतर धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली बहीण शाळेतून घरी बसते, आणि एका मुलाच्या बालवाडीची किंमत दुसऱ्या मुलीच्या शिक्षणाने चुकती होते.

डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करून वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मुलासाठी हायस्कूल-कॉलेजची दारे उघडली. त्या दारांपर्यंत पोहोचणाऱ्या वाटेची पहिली पायरी मात्र आजही दोन प्रकारची आहे : ज्याला परवडते त्याच्यासाठी गाडीतून जाण्याची, आणि ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी खिचडीपुरती. तीन वर्षांच्या वयातच गावातील मुलांची अशी वाटणी होऊ द्यावयाची काय, याचा निर्णय दिल्ली-मुंबईत होत नाही. तो पेढीकाठच्या वलगावात आणि वऱ्हाडातील अशा प्रत्येक गावात, जूनपूर्वीच्या त्या चार-सहा आठवड्यांत होतो. शेतकरी पेरणीची तयारी पाऊस आल्यावर करीत नाही. जमीन उन्हाळ्यातच नांगरून, वखरून ठेवतो. बालवाडीच्या खोलीलाही तीच मशागत लागते, आणि तिचा हंगाम दरवर्षी एकदाच येतो.